बाळू पालवणकर : पदाविना कप्तान

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे छापावीत असा प्रघात आहे, आणि तो इष्टही आहे. ज्या समाजाला आपल्या वडीलधाऱ्यांचे स्मरण नाही, त्याला पुढची वाटही नीट दिसत नाही. असे असता यंदाच्या अंकासाठी चरित्र लिहावयास बसलो तेव्हा आम्ही ज्ञातीबाहेरच्या एका पुरुषाची निवड केली. तसे का केले, हे वाचकांस आरंभीच सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आपले बोनकोडे आणि ठाण्याच्या खाडीकाठची सगळी गावे क्रिकेटवेडी आहेत, हे कोणास सांगावयास नको. भातकापणी आटोपली की मोकळ्या खाचरांत यष्ट्या रोवल्या जात, तो काळ अनेकांनी पाहिला आहे. १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीसाठी जमिनी गेल्या, खाचरांच्या जागी इमारती आल्या. परंतु खेळाचे वेड काही गेले नाही. आजही गावोगावी सामने भरतात, चषक दिले जातात, हारतुरे होतात. ह्या सामन्यांत एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. संघ निवडताना चेंडू कोण चांगला टाकतो, झेल कोण सोडीत नाही, हे पाहिले जाते. कप्तान निवडताना मात्र पुष्कळदा घर पाहिले जाते, घराण्याचा मान पाहिला जातो, वर्गणीचा आकडा पाहिला जातो. गुण एकाचा आणि मान दुसऱ्याचा, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. ही रीत जेव्हा संबंध हिंदू समाजाची होती, आणि ती आजच्याहून शतपटीने कठोर होती, तेव्हा एका माणसाने तिच्याशी हातात फक्त चेंडू घेऊन झुंज दिली. त्या माणसाचे नाव बाळू पालवणकर. त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या पुस्तकात यावे, असे आम्हांस मनापासून वाटले.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. महाराणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे बिरुद धारण केले, तो हाच काळ. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून पालवणकर हे आडनाव. जात चर्मकार; म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करी खात्यात नोकरीस होते व त्या नोकरीच्या निमित्ताने कुटुंब पुण्यास आले. लष्करी छावणीच्या आसपास वाढलेल्या मुलांना साहेबांचे खेळ रोज दृष्टीस पडत. साहेबांनी टाकून दिलेल्या फळ्या आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळास आरंभ केला. शाळेचे शिक्षण लवकरच संपले. घरच्या गरिबीत ते अधिक चालणे शक्यही नव्हते.

त्या वेळी आपल्याकडे क्रिकेटची स्थिती काय होती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मुंबईत हा खेळ एतद्देशीयांमध्ये प्रथम पारशी मंडळींनी उचलला. १८४८ साली त्यांचा पहिला क्लब निघाला, १८८६ साली त्यांचा संघ विलायतेस जाऊन आला, आणि १८९० च्या जानेवारीत विलायतेहून आलेल्या व्हर्नन साहेबांच्या संघास त्यांनी मुंबईत हरवून दाखविले. पारशांचे पाहून हिंदू व मुसलमान पुढे आले. मात्र प्रत्येकाचा जिमखाना निराळा, संघ निराळा, खाणेपिणे निराळे. हिंदूंचा परमानंददास जीवनदास जिमखाना १८९४ साली स्थापन झाला. धर्माधर्मांच्या ह्या भिंती उघड दिसत होत्या. हिंदूंच्या एकाच भिंतीच्या आत आणखी किती भिंती होत्या, हे मात्र बाळू यांच्यासारख्यांनाच ठाऊक होते.

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडावयाची आणि तिजवर रूळ फिरवावयाचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार ४ रुपये झाला आणि काम वाढले. जाळ्या उभ्या कराव्या, खेळपट्टी तयार करावी, टेनिसच्या पटांगणावर रेषा आखाव्या, अशी नाना कामे त्यांजकडे होती. फावल्या वेळी क्लबातील एका साहेबाने त्यांस आपणास चेंडू टाकावयास सांगितले. बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. दोन पावले सहज टाकून, हात वर नेऊन ते चेंडू सोडीत. आणि तो चेंडू टप्पा पडल्यावर कोणीकडे वळेल याचा भरवसा नसे. हे काम काही निराळे आहे, ही गोष्ट साहेबांच्या ध्यानी यावयास वेळ लागला नाही.

ह्या मंडळींत कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. चणीने लहान, पण फलंदाजीत त्यांच्या तोडीचा गोरा खेळाडू त्या वेळी मुंबई इलाख्यात क्वचितच असेल. जॉन ग्लेनी हे नाव आपल्या लोकांच्या जिभेवर वळून जंगली ग्रेग असे झाले व तेच पुढे रूढ झाले. हे ग्रेग साहेब इतर मंडळी येण्यापूर्वी तासभर अगोदर क्लबात येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असे त्यांनी ठरविले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, एक गोष्ट निश्चित आहे. ज्या साहेबाने हिंदूंविरुद्ध पुढे धावांचे डोंगर रचले, त्याची फलंदाजी घोटली गेली ती खेळपट्टी झाडणाऱ्या एका तरुणाच्या चेंडूंवर. आणि त्या तरुणाची गोलंदाजीही घोटली गेली ती त्याच साहेबाच्या फळीवर.

येथे एक बारीकशी गोष्ट सांगावीशी वाटते. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, परंतु तेथे त्यांच्या हाती फळी एकदाही दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम आणि फलंदाजी ही मौज, अशी त्या काळची समजूत होती. विलायतेतही तसेच होते. तेथे हौशी खेळाडू म्हणजे जन्माने सभ्य गृहस्थ, आणि पैसे घेऊन खेळणारा तो धंदेवाईक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. धंदेवाईकाने दिवसभर चेंडू टाकावेत आणि सभ्य गृहस्थाने कप्तानपद भूषवावे, हा तेथील शिष्टाचार होता. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचे रीतसर कप्तानपद धंदेवाईक खेळाडूस मिळण्यास १९५२ साल उजाडावे लागले. तो मान लेन हटन यांना मिळाला. विलायतेत ही भिंत वर्गाची होती. आपल्याकडे ती जातीची होती, आणि म्हणून अधिक उंच होती; कारण वर्ग माणसास एखादे वेळी ओलांडता येतो, जन्म ओलांडता येत नाही.

बाळूंचे नाव होऊ लागले तेव्हा पुण्याच्या हिंदू क्रिकेट मंडळींपुढे पेच उभा राहिला. साहेबांना हरवावयाचे तर असा गोलंदाज पाहिजे. आणि त्यास घ्यावयाचे तर विटाळ होतो. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे ह्या मताचे होते. महाराष्ट्रीय ब्राह्मण सभासदांत चलबिचल होती. अखेर विजयाच्या इच्छेने विटाळाच्या भयावर मात केली आणि बाळू संघात आले. परंतु कसे आले? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. तो चेंडू बाळूंच्या हातातून ब्राह्मणाच्या हातात गेला तर धर्म बुडत नसे. खेळ थांबून चहाची वेळ झाली की मात्र धर्म जागा होई. इतर मंडळी मंडपात कपबशीतून चहा घेत, तेव्हा बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवावयाचे असल्यास कोणा अस्पृश्य गड्याने कोपऱ्यात पाणी आणून द्यावयाचे. जेवणही वेगळ्या ताटात आणि वेगळ्या जागी. ज्याने सकाळी पाच गडी बाद केले, तोच दुपारी मंडपाबाहेर उन्हात बसून चहा घेत आहे, हे दृश्य वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे.

ह्याच सुमारास साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी पुण्याच्या हिंदूंचा सामना झाला. बाळूंच्या गोलंदाजीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरविला होता. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि हिंदूंनी सामना जिंकला. पुण्यास त्याचा मोठा गाजावाजा झाला. जाहीर समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा सत्कार केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे, अशा आशयाचा सवाल रानड्यांनी सभासदांस केला. पुढे लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला. सुधारक आणि राष्ट्रवादी हे पुण्याचे दोन पक्ष, ज्यांचे एकमेकांशी क्वचितच पटे, ते दोघेही ह्या एका खेळाडूच्या सत्काराला पुढे आले, ही गोष्ट लहान नव्हे.

१८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेगचा कहर सुरू झाला. त्या धामधुमीत बाळू मुंबईस आले व पुढे रेल्वे कंपनीत नोकरीस लागून तिच्या संघातून खेळू लागले. हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यावे की नाही, हा पुण्याचाच वाद मुंबईत पुन्हा उभा राहिला. तेथील कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू हिंदूंच्या संघात आले. त्यांच्या पाठोपाठ बंधू शिवराम आले; पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे दोघेही आले. एकाच घरचे चार भाऊ हिंदूंच्या संघातून खेळले, आणि तेही अशा घरचे, ज्यांना बहुतेक देवळांची दारे बंद होती.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. दोन्ही डाव मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले. वंगभंगाच्या चळवळीने देश पेटला होता. त्या दिवसांत राज्यकर्त्यांवर मिळविलेल्या ह्या जयाचा अर्थ लोकांनी केवळ खेळापुरता घेतला नाही. सुधारक पत्रांनी आणखी एका गोष्टीची नोंद घेतली. पुण्यात ज्यांना मंडपाबाहेर बसविले जाई, ते पालवणकर बंधू मुंबईच्या जिमखान्यात इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसून जेवू लागले होते. उपदेशाने आणि व्याख्यानांनी जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते काही अंशी एका चेंडूने साधले.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ पासून ते पंचरंगी म्हणून ओळखले जाऊ लागले. बाळूंच्या कीर्तीचा कळस मात्र १९११ साली झाला. त्या वर्षी पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ विलायतेस गेला. कप्तान होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. ते थोडेच सामने खेळले. संघात बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते. खेळ त्यांना कोणी रीतीने शिकविला नव्हता, विलायत पाहिली नव्हती, हवा थंड, खेळपट्ट्या अपरिचित. संघ एकामागून एक सामने हरत होता. बाळू मात्र दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून ११ गडी बाद करून संघास त्या दौऱ्यातील पहिला विजय मिळवून दिला. पुढे सॉमरसेटविरुद्ध शिवरामाने नाबाद शतक ठोकले आणि एक गडी राखून हिंदी संघ जिंकला. सबंध दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. डावखुऱ्या संथ गोलंदाजीत इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स तेव्हा जगात अग्रगण्य मानले जात. बाळूंची तुलना त्यांच्याशी होऊ लागली.

मुंबईस परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले, असे सांगतात. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाळूंची कीर्ती हा त्या वेळी साऱ्या अस्पृश्य समाजाचा अभिमानविषय होता. आंबेडकरांचे नाव लोकांस माहीत होण्यापूर्वी हेच नाव त्या वस्त्यांतून घेतले जात होते.

आता ह्या चरित्रातील मर्माच्या गोष्टीकडे वळतो. विलायतेहून परतलेला, अनुभवाने सर्वांत वडील, गोलंदाजीत सर्वांत श्रेष्ठ असा हा खेळाडू हिंदूंचा कप्तान व्हावा, हे कोणासही सहज वाटेल. परंतु १९१० नंतरच्या त्या साऱ्या वर्षांत हे पद त्यांच्या वाट्यास आले नाही. चेंडू टाकावयास बाळू पाहिजेत, गडी बाद करावयास बाळू पाहिजेत, विजय मिळाला तर टाळ्या वाजविण्यासही लोकांस बाळू पाहिजेत. पण नाणे उडवावयास दुसरा पाहिजे. एका मोसमात एम. डी. पै यांना कप्तान नेमण्यात आले. त्यांच्या सत्कारसमारंभात पै यांनी उभे राहून सांगितले की, हा मान ज्येष्ठतेने व योग्यतेने आपले मित्र बाळू यांचा होता. पै जन्माने ब्राह्मण. स्वतःस मिळालेल्या मानाच्या प्रसंगी तो मान खरे पाहता दुसऱ्याचा आहे असे चारचौघांत सांगणे, ह्यास मनाचा मोठेपणा लागतो. बाळूंच्या चरित्रात पै यांचे हे स्थान आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण जातीच्या भिंती पाडावयास आतूनही कोणीतरी हात लावावा लागतो.

१९२० च्या डिसेंबरात हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या आरंभी पै आजारी होते. निवड समितीने बाळूंना संघातून वगळले, आणि कप्तानपद पालवणकर बंधूंहून कनिष्ठ अशा एका उच्चवर्णीय खेळाडूस दिले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघांनी वृत्तपत्रांत निवेदन देऊन संघातून अंग काढून घेतले. मान योग्यतेने द्यावा, जातीने देऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेसमध्ये महात्मा गांधींनी अस्पृश्यतानिवारणाचा विषय राष्ट्रीय कार्याच्या अग्रभागी आणला होता. मुंबईत लोकमत हळहळले. पुढील सामना पारशांशी होता. पै बरे होऊन परतले. बाळूंना संघात घेऊन उपकप्तान नेमण्यात आले आणि दोन्ही बंधू परत आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्यांचे वय तेव्हा ४५ च्या घरात होते, आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला हा त्यांचा शेवटचा मोसम होता. सबंध कारकीर्दीत त्यांना लाभलेले कप्तानपद ते एवढेच, काही घटकांचे, उसनवारीचे.

परंतु उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर यांची हिंदूंच्या संघाच्या कप्तानपदी नेमणूक झाली. त्या वर्षी त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले, तेव्हा लोकांनी त्यांस खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानावा, त्यांचे पाय हिंदू समाजाच्या खांद्यावर आले. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले. थोरल्या भावाने तीस वर्षे पेरले आणि धाकट्याने कापणी केली, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आपणांस पेरणाराचे आणि कापणाराचे नाते वेगळे सांगावयास नको.

खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. हा भाग काहीसा कडू आहे, परंतु तो गाळणे हे चरित्रकारास शोभणार नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू डॉ. आंबेडकरांच्या बाजूस नव्हते. संयुक्त मतदारसंघांच्या मताचे जे दलित पुढारी होते, त्यांच्यात ते होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तीही बाळूंना मान्य नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या जागेसाठी काँग्रेसने डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. एकेकाळी ज्याचे मानपत्र लिहिले त्याच्याशीच लढण्याचा प्रसंग आंबेडकरांवर आला, आणि ज्याने लिहिले त्याच्याशी लढण्याचा बाळूंवर. दोघांनीही अपमानाचे घोट गिळले होते. एकास वाटले, हे घर आपले म्हणणारे नव्हे. दुसऱ्यास वाटले, आपण गुण दाखवीत राहिलो तर घरधनी आज ना उद्या आत घेतील. ह्या दोन मतांत कोणाचे बरोबर, हा निर्णय येथे देण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र एवढे खरे की, ज्यास सर्वांत अधिक गुण होता, त्यालाही घरधन्यांनी ओटीपर्यंतच येऊ दिले.

बाळू पालवणकर यांचे देहावसान ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले, आणि तेही सरासरी अवघ्या १५.२१ धावांत. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, त्यामुळे कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव येऊ शकले नाही. पुढील पिढ्या त्यांना विसरल्या. रणजी, नायडू, मर्चंट यांची नावे मुलांच्या तोंडी राहिली. बाळूंचे नाव जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत राहिले. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हिंदी क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्यांस पुन्हा उजेडात आणले, तेव्हा कोठे सुशिक्षित वर्गास ह्या चरित्राची ओळख झाली.

वाचकहो, चरित्र संपले. परंतु ते ज्या कारणासाठी लिहिले, त्याविषयी दोन शब्द सांगितल्याविना लेखणी खाली ठेववत नाही. जुन्या पुण्याच्या मंडळींनी बाळूंना मातीच्या भांड्यात चहा दिला, हे वाचून आपल्यास त्यांचा राग येतो. तो येणे स्वाभाविक आहे. पण आमच्या लहानपणी आमच्याच घराच्या ओटीवर, कोनाड्यात, एक पितळी पेला निराळा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही. आणि तो कोण धुतो, हेही पाहिले नाही. आमचे वडील कष्टाळू होते, दयाळू होते, दारी आलेल्यास उपाशी जाऊ देत नसत. तरीही तो पेला कोनाड्यात होता. आपणही कष्टकऱ्यांची जात. उंबरठ्याबाहेर उभे राहण्याचा अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांनाही पुष्कळ आला. असे असून आपल्याहून खाली कोणीतरी असावे, ही इच्छा आपल्याही घरात शिरली होती. बाळूंचे चरित्र वाचताना आम्हांस पुण्याच्या मंडपापेक्षा आपल्या ओटीवरील तो पेला अधिक दिसत राहिला. आज तो पेला नाही. पण पेला जातो आणि कप्तानपद उरते. एकत्र खेळणे सोपे असते, एकत्र जेवणेही हळूहळू जमते. दुसऱ्याच्या हुकुमाखाली खुशीने उभे राहणे, हे सर्वांत शेवटी जमते. माणसाचे मन कितपत निवळले, याची खरी कसोटी तेथे लागते.

म्हणून आपल्या ज्ञातीच्या तरुणांस आमची एकच विनंती आहे. येत्या मोसमात गावचा संघ निवडाल तेव्हा संघाप्रमाणे कप्तानही गुण पाहूनच निवडा. तो भाडेकरूचा मुलगा असेल, दुसऱ्या जातीचा असेल, कोपऱ्यातल्या एका खोलीत राहणारा असेल. मैदानाची जाण त्यास असेल तर नाणे त्याच्याच हाती द्या. आणि एखाद्या वर्षी तो मान अपात्री तुमच्याकडेच चालत आला, तर पै यांच्याप्रमाणे चारचौघांत उभे राहून तो कोणाचा आहे ते सांगण्याचे धैर्य दाखवा.

ज्याने महिना ३ रुपयांवर दुसऱ्यांची खेळपट्टी झाडली, ज्याने विलायतेच्या मैदानांवर हिंदी गोलंदाजीचे नाव केले, आणि ज्याला आपल्याच लोकांनी कप्तान म्हणण्यास जन्मभर संकोच केला, त्या बाळू पालवणकरांच्या स्मृतीस आम्ही ह्या स्मरणिकेद्वारे विनम्र अभिवादन करतो.